प्रस्थानाची आदली रात्र

पूर्वी आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघावयाचे म्हणजे आधी ‘प्रस्थान’ ठेवण्याची चाल होती. मुहूर्त आजचा आणि निघणे परवाचे, असा पेच पडला की जाणाऱ्याची एखादी वस्तू, बहुधा फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ आणि सुपारी, मुहूर्त साधून शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. माणूस अद्याप आपल्या ओसरीवरच बसलेला असे. पण शास्त्रापुरता तो निघालेला असे. या चालीला हसणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक शहाणपण होते. प्रवासाचा आरंभ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याने होत नाही, तो त्याआधीच कोठेतरी झालेला असतो, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते.

आपण बदलीच्या नोकरीतली माणसे. आपल्याला हे कोणी समजावून सांगावयास नको. बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून आगगाडी हलेपर्यंत जे काही घडते त्यापुढे प्रत्यक्ष प्रवास म्हणजे विश्रांतीच. माझ्यासारख्या कारकुनाला तर दुसऱ्याच्या प्रवासाची आदली रात्रही ठाऊक असते. साहेबांचा दौरा सकाळी निघणार असला की कागद जुळविणे, तारीख-वार तपासणे, एखादे हरवलेले परिशिष्ट शोधून काढणे हे सारे आदल्या संध्याकाळी सुरू होते आणि रात्री उशिरा संपते. दौऱ्याच्या अहवालात त्या रात्रीचा उल्लेख नसतो. तो असावा अशी अपेक्षाही कोणी करीत नाही.

गेल्या हिवाळ्यात हैदराबादेत आम्ही एक लहानसा प्रवास योजिला होता. जुन्या मोटारींचा नाद असलेली आम्ही पाच मंडळी. पाचांत मिळून मोटार एकच, तीही एका मित्राच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट. पहाटे निघून बिदरला जावयाचे, महमूद गवानचा मदरसा आणि किल्ला पाहावयाचा, असा बेत ठरला. आदल्या रात्री नऊच्या सुमारास गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले. पंपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते. ओळखीच्या मिस्त्रीला बोलावणे धाडले. तो आला, गाडीखाली शिरला आणि बॅटरीच्या उजेडात तीन वाजेपर्यंत काम करीत राहिला. तयार पॅकिंग रात्री कोठे मिळणार? त्याने पिशवीतून एक पत्रा काढला, जुन्या पॅकिंगवर ठेवून नवे कात्रीने कापले, बसविले, पाणी भरले आणि अर्धा तास गाडी चालू ठेवून नुसता ऐकत बसला. निघताना आम्ही गाडीपुढे उभे राहून छायाचित्र काढविले. त्या छायाचित्रात गाडी आहे, आम्ही पाचही जण आहोत. ज्याच्यामुळे गाडी निघाली तो मात्र नाही. कारण छायाचित्र त्यानेच काढले.

बिदर उत्तम झाले. परंतु पुढे ते छायाचित्र पाहताना मला एका फार मोठ्या प्रवासाची पुनःपुन्हा आठवण होऊ लागली. तो प्रवास म्हणजे १९०७ साली पेकिंगहून पॅरिसला मोटारींनी केलेला. त्याच्या विजयाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मला येथे सांगावयाची आहे ती मुख्यतः त्याच्या पूर्वतयारीची आणि त्या तयारीत जे दुरुस्त झाले व जे होऊ शकले नाही त्याची.

*

त्या वर्षी ३१ जानेवारीला पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकाने एक आव्हान प्रसिद्ध केले. मोटार जवळ असली की माणूस वाटेल तेथे जाऊ शकतो, हे सिद्ध करण्यासाठी येत्या उन्हाळ्यात पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीने येण्यास कोणी तयार आहे काय, असा त्याचा आशय होता. ज्याला आज आपण बीजिंग म्हणतो ते पेकिंग त्या वेळी मांचू घराण्याची राजधानी होते. तेथून मंगोलिया, गोबीचे वाळवंट, सैबेरिया, उरल पर्वत आणि रशिया ओलांडून पॅरिस गाठावयाचे, म्हणजे सुमारे पंधरा हजार किलोमीटरांची मजल होती.

हे आव्हान किती धाडसाचे होते हे समजण्यासाठी त्या काळच्या मोटारीचे वय ध्यानात घेतले पाहिजे. कार्ल बेंझने आपल्या गाडीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. म्हणजे मोटार त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांची होती. युरोपातील चांगल्या रस्त्यांवर तिच्या शर्यती होत असत, पण त्याही निर्धोक नव्हत्या. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत इतकी प्राणघातक ठरली की ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. आणि आता तर रस्ताच नव्हता. पेकिंगच्या उत्तरेस होत्या त्या खेचरांच्या आणि उंटांच्या वाटा. सैबेरियात जुना टपालरस्ता होता, परंतु रेल्वे झाल्यापासून तोही उपेक्षेने मोडकळीस आला होता. वाटेत पेट्रोल विकणारे कोणी असण्याचा संभव नव्हता. सुटा भाग मोडला तर तो पॅरिस किंवा तुरीन येथून येणार, अथवा गावच्या लोहाराकडून घडवून घ्यावा लागणार.

आरंभी सुमारे चाळीस जणांनी नावे दिली. जसजसा दिवस जवळ आला तसतशी एकेकाला घरची कामे आठवू लागली. अखेर पेकिंगला पोचल्या त्या पाच गाड्या. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेझे याची ‘इताला’ ही त्यांत सर्वांत बलवान होती. तिला सात लिटरांहून मोठे चार सिलिंडरांचे इंजिन होते. जॉर्ज कोर्मिए आणि व्हिक्तॉर कॉलिन्याँ हे दोघे फ्रेंच गृहस्थ दहा-दहा अश्वशक्तीच्या दोन ‘द दिआँ-बुताँ’ गाड्या घेऊन आले होते. शार्ल गोदार हा फ्रेंच माणूस ‘स्पायकर’ ही हॉलंडची गाडी हाकणार होता. त्याच्या हाताशी पैसा नव्हता, परंतु हिंमत अमर्याद होती. पाचवी होती ओग्यूस्त पोंस याची ‘काँताल’. ती सहा अश्वशक्तीची तीनचाकी होती, पुढे दोन चाके आणि मागे एक. तिच्यावर पोंस आणि त्याचा मिस्त्री ऑक्ताव्ह फूको असे दोघे बसणार होते.

या मंडळींना एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणावे की सहप्रवासी, हे शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही. हाच पुढील दुःखाचा उगम होता. एका दृष्टीने ही शर्यत होती. दुसऱ्या दृष्टीने, मोटार या नव्या वस्तूवर जीव जडलेल्या काही माणसांची ती एकत्र यात्रा होती. वाळवंट तरी एकमेकांच्या सोबतीने ओलांडावे, जो अडेल त्याला इतरांनी हात द्यावा, अशी फ्रेंच मंडळींची बोली होती. बोर्गेझेचा स्वभाव निराळा. इतर निघोत वा न निघोत, आपण ठरल्या दिवशी निघणारच, असे त्याने स्पष्ट सांगितले होते.

*

पेकिंगमधील ते दिवस कोणाही सरकारी माणसाने मन लावून वाचावे असे आहेत. पहिली अडचण यंत्राची नव्हतीच. ती परवान्याची होती. चीनच्या परराष्ट्र खात्याला हा सारा प्रकार संशयास्पद वाटला. पॅरिसला जावयाचे तर जहाज आहे, आगगाडी आहे. मग कोणी शहाणा माणूस वाळवंटातून कशाला जाईल? बॉक्सर उठावानंतर परकीय फौजांनी राजधानीत घातलेला धुमाकूळ अवघ्या सात वर्षांमागचा. तेव्हा या गाड्यांच्या आडून आणखी काही आपल्या दारी येत आहे, असे त्या अधिकाऱ्यांना वाटले तर त्यांना दोष देववत नाही. पत्रे गेली, उत्तरे आली, पुन्हा पत्रे गेली. बोर्गेझेचा भाऊ लिव्हिओ हा पेकिंगच्या इटालियन वकिलातीत होता, त्याचाही उपयोग झाला. अगदी तोंडावर येऊन अडथळा दूर झाला.

दरम्यान बोर्गेझे स्वस्थ बसला नव्हता. या मनुष्याविषयी इतिहासात जे कौतुक आहे ते त्याच्या वेगाचे आहे. माझ्या मते ते त्याच्या टिपणवहीचे असावयास हवे. पेकिंगच्या उत्तरेस नानकौच्या खिंडीपासून कालगनपर्यंतचा डोंगराळ मुलूख त्याने आधी घोड्यावर बसून पाहिला. जवळ गाडीच्या रुंदीइतकी बांबूची काठी होती. जेथे दोन खडकांमधील वाट अरुंद दिसे तेथे उतरून ती काठी आडवी धरून पाहावयाची. काठी गेली तर गाडी जाईल. कोठे केवळ काही बोटांचे अंतर उरत होते, पण काठी गेली. गोबीच्या वाटेवर पेट्रोल आणि तेल यांचे साठे उंटांच्या तांड्याबरोबर आधीच पुढे धाडले होते. रशियन हद्दीतील मुक्कामांवरही तशीच सोय लावून ठेवली होती. कोणत्या ठाण्यापर्यंत किती तेल लागेल, चाकांचे किती रबरी टायर झिजतील, हे सारे कागदावर मांडलेले होते. उत्तम प्रशासकाचे हे काम होते.

गाडीतही त्याने विचारपूर्वक फेरफार करवून घेतले होते. इंजिनाला हात लावू दिला नाही. जे चालते आहे ते बिघडवावयाचे नाही, हा नियम. मात्र सांगाडा आणि कमाना बळकट करविल्या, पेट्रोलच्या लांबट टाक्या दोन्ही अंगांना बसविल्या. चाकांवरील चिखलरोधक म्हणून लोखंडाच्या लांब पट्ट्या अशा रीतीने लावल्या की त्या सोडविता याव्यात आणि रुतणाऱ्या जमिनीवर किंवा ओहोळावर फळ्यांप्रमाणे आडव्या टाकून त्यांवरून गाडी नेता यावी. डोंगराळ भागासाठी गाडीचा अवजड साज उतरवून ती हलकी केली. कुदळी, फावडी, दोर, कप्पी हे सामान बरोबर घेतले.

परंतु हे सारे आखणारा एक आणि करणारा दुसरा होता. त्या दुसऱ्याचे नाव एत्तोरे ग्विझार्दी. त्याची हकीकत कादंबरीत शोभावी अशी आहे. त्याचा बाप आगगाडीचा चालक. रोमजवळ आल्बानो येथे बोर्गेझे घराण्याच्या वाड्यापासून थोड्या अंतरावर गाडीला अपघात झाला. चालक मेला, आणि त्याच्याबरोबर असलेला पंधरा वर्षांचा मुलगा जखमी अवस्थेत त्या वाड्यात आणला गेला. तो मुलगा तेथेच राहिला. पुढे राजपुत्राने मोटार घेतली तेव्हा या मुलाची यंत्रांकडील ओढ पाहून त्याला कारखान्यांत पाठविले. तो शिकून आला तो असा, की गाडीचा कोणताही भाग त्याला डोळे मिटून उतरविता यावा.

इतालावर तिसरा माणूस होता लुईजी बार्झिनी, मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या पत्राचा बातमीदार. त्याने या प्रवासावर लिहिलेला ग्रंथ लवकरच अनेक भाषांत गेला. त्यात एत्तोरेचे जे चित्र आहे ते विसरता येत नाही. रिकामा वेळ मिळाला की हा माणूस गाडीखाली जाऊन उताणा पडत असे. काही बिघडलेले असे म्हणून नव्हे. तो नुसता पाहत असे. एकेक खिळा, एकेक चाप, एकेक सांधा न्याहाळीत तासन् तास तो तेथे पडून राही. बार्झिनीला त्यात एक प्रकारचे ध्यान दिसले. आमच्या मिस्त्रीने दुरुस्तीनंतर अर्धा तास गाडीजवळ कान देऊन बसणे आणि हे पडून राहणे यांत मला काही अंतर दिसत नाही. बिघाड झाल्यावर दुरुस्त करणे ही कसबाची पहिली पायरी. बिघाड होण्याआधी त्याची चाहूल लागणे ही पुढची.

*

१० जून १९०७ रोजी सकाळी पेकिंगच्या फ्रेंच लष्करी आवारातून पाचही गाड्या वाजत गाजत निघाल्या. थोड्याच वेळात बॅण्ड मागे राहिला आणि पावसाला सुरुवात झाली. नानकौच्या खिंडीत मोटारींचा अभिमान गळून पडला. तेथून कालगनपर्यंत त्या बहुतांशी मजुरांनी आणि जनावरांनी दोर लावून ओढीत नेल्या. मोटार माणसाला कोठेही नेते हे सिद्ध करण्यासाठी निघालेल्यांना आधी माणसांनी मोटारीला न्यावे लागले. त्या मजुरांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

कालगननंतर गोबी आली आणि इताला पुढे निघून गेली. आता आदल्या तयारीचे मोल दिसू लागले. साठे जागच्या जागी मिळत गेले. वाळवंटातील पाँग-किआँग या तारठाण्यावर बार्झिनीने आपली बातमी तारेने पाठविण्यासाठी दिली तेव्हा तेथील चिनी तारमास्तराने तिच्यावर क्रमांक घातला तो ‘१’. बार्झिनीला वाटले, त्या दिवसाची पहिली. चौकशीअंती कळले की ठाणे उघडून सहा वर्षे झाली होती आणि तेथून कोणी पाठविलेली ती पहिलीच तार होती. त्या अनाम तारमास्तराविषयी मला विलक्षण आपलेपणा वाटतो. सहा वर्षे एकही तार नाही. तरीही नोंदवही तयार, क्रमांक घालण्याची रीत ठाऊक, आणि तार आली त्या दिवशी ती बिनचूक गेली. त्याचीही ही एक दीर्घ आदली रात्रच होती.

सैबेरियात बैकल सरोवराच्या बाजूला एक जुना लाकडी पूल गाडीखाली मोडला आणि इताला मागच्या अंगाने खाली कोसळली. माणसे बचावली. रशियन मजुरांच्या साहाय्याने गाडी वर काढली, एत्तोरेने तपासली, आणि ती पुन्हा चालू झाली. रस्ता नाहीसाच झाला तेथे अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवून काही अंतर चक्क लोहमार्गावरून गाडी हाकली.

सर्वांत बोधप्रद गोष्ट चाकाची. त्या काळी मोटारीला लाकडी आऱ्यांची चाके असत. वाळवंटाच्या उन्हाने लाकूड सुकून आटले आणि उरलच्या मुलुखात एका चाकाचे आरे खिळखिळे झाले. पेर्म येथे त्यांनी ते चाक नदीच्या पाण्यात भिजत टाकले, जेणेकरून लाकूड फुगून सांधे घट्ट बसावेत. हे वाचताना मला आमच्या गावचा ओढा आठवला. भर उन्हाळ्यात बैलगाडीची चाके त्यात भिजत पडलेली असत. तुंबा, आरे, पुठ्ठे सुटू लागले की प्रत्येक शेतकरी हेच करतो. परंतु इतालाचे दुखणे भिजण्याच्या पलीकडचे होते. पुढे ते चाक अगदीच बसले. तेव्हा एका रशियन खेड्यातील वृद्ध सुताराने केवळ कुऱ्हाडीच्या साहाय्याने नवे आरे घडवून चाक उभे केले, आणि ते टिकले. तुरीनच्या कारखान्यातून निघालेले चाक मोडले आणि खेड्यात कुऱ्हाडीने घडलेले पॅरिसला पोचले.

१० ऑगस्ट रोजी, दोन महिन्यांनी, पावसातच इताला पॅरिसमध्ये शिरली. दुसरी गाडी कोठे होती? अजून कित्येक दिवसांच्या वाटेवर. दोन्ही द दिआँ आणि स्पायकर पॅरिसला आल्या त्या ३० ऑगस्टला, वीस दिवसांनी. मोटार कोठेही जाऊ शकते हे सिद्ध झाले.

*

पाच निघाल्या आणि चार आल्या. पाचवीचे काय झाले?

पोंसची काँताल ही सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळी गाडी. गोबीत ती मागे पडत गेली आणि एके ठिकाणी तिचे पेट्रोल संपले. पोंस आणि फूको वाट पाहत राहिले. सोबत्यांपैकी कोणीतरी मागे वळून येईल, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. बोली तशीच होती. कोणी आले नाही. इताला तर केव्हाच पुढे गेली होती. इतर तिघांनी, पोंस परत फिरला असेल, अशी आपली समजूत करून घेतली आणि ते पुढे निघाले. गाडी तेथेच टाकून हे दोघे पाण्यावाचून वाळवंटात पायी निघाले आणि मरणाच्या दारी पोचले. अखेर तेथील भटक्या लोकांनी त्यांना वाचविले. गाडी कोणी परत आणली नाही. तिचे पुढे काय झाले असेल ते असो. गोबीने तिला ठेवून घेतले.

आणि याच वाळवंटात गोदारचेही पेट्रोल संपले होते. त्याच्या वाट्याला मात्र निराळे दैव आले. द दिआँवाल्यांनी पुढील ठाण्यावरून घोडेस्वाराबरोबर पेट्रोल परत धाडले आणि स्पायकर वाचली. तेव्हा मागे पेट्रोल धाडणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. एकासाठी ते झाले, दुसऱ्यासाठी झाले नाही, एवढाच याचा अर्थ.

बोर्गेझेवर ठपका ठेवावा काय? त्याने सोबतीचे वचन दिले नव्हते. आपण थांबणार नाही हे त्याने लपविलेही नव्हते. ज्याने काठीने खिंडी मोजल्या, ज्याने गणित चोख मांडले, त्याने दुसऱ्याच्या ढिलाईसाठी थांबावे असे न्यायाने म्हणता येणार नाही. मला वाटते, दोष असेल तर तो वचन देणाऱ्यांचा अधिक आहे. बोर्गेझे कठोर होता, पण सरळ होता. इतर प्रेमळ होते, पण त्यांचे प्रेम वाळूत रुतले. प्रस्थानाच्या आदल्या रात्री सर्व सांधे ठोकून पाहतात. माणसामाणसांतील सांधा मात्र कोणी ठोकून पाहत नाही. तो बळकट आहे असे प्रत्येकजण गृहीत धरतो.

येथे इतिहास लिहिण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इतालावर बार्झिनी होता. स्पायकरवर ‘ल मातँ’चा बातमीदार झाँ द्यु तायी होता. म्हणून इतालाचा पराक्रम आपल्याला तासातासाचा ठाऊक आहे आणि स्पायकरची फजितीसुद्धा. गोदारच्या गाडीचा मॅग्नेटो सैबेरियात बंद पडला, त्याने गाडी आगगाडीने तोम्स्कला नेली, तेथील तंत्रविद्यालयात तो दुरुस्त करवून घेतला, आणि जेथून गाडी चढविली होती तेथे पुन्हा जाऊन, रात्रंदिवस हाकीत त्याने द दिआँ गाड्यांना गाठले. हे सारे आपण रसाने वाचतो. आणि पुढे जर्मनीत पैशांच्या प्रकरणावरून त्याला अटक झाली व स्पायकर पॅरिसमध्ये नेण्याचा मान दुसऱ्याला मिळाला, हे वाचून हळहळतो. परंतु काँतालवर बातमीदार नव्हता. तिच्यावर दोनच माणसे बसू शकत होती, आणि ती दोघे पाणी शोधीत होती. सर्वांत मोठे संकट ज्यांच्यावर आले त्यांचेच वृत्तांत सर्वांत तोकडे आहेत. ज्याच्या गाडीत लेखक बसतो त्याचा इतिहास होतो. आपल्या कचेऱ्यांतील जुनी दप्तरे चाळणाऱ्यास हे नवीन वाटणार नाही.

पोंसविषयी एवढे सांगितले पाहिजे की तो खचला नाही. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, न्यू यॉर्कहून पॅरिसला जाणाऱ्या शर्यतीत तो आणखी एका चिमुकल्या गाडीतून उतरला. ती गाडी थोड्याच अंतरावर मोडली. ज्या लोकांना हा नाद लागतो त्यांना शहाणपण शिकविता येत नाही. याच पोंसची मुलगी लिली पुढे संगीतिकांतील गायिका म्हणून जगप्रसिद्ध झाली.

त्या १९०८ च्या शर्यतीनेही आपला विषय पुढे नेला. अमेरिकेच्या ‘थॉमस’ गाडीबरोबर जॉर्ज शुस्टर या कारखान्यातील कामगाराला अगदी आयत्या वेळी मिस्त्री म्हणून धाडण्यात आले. आरंभी गाडी हाकण्याचा मान दुसऱ्याचा होता. अमेरिका ओलांडीपर्यंत हाकणारे बदलले. शुस्टर बदलला नाही. अखेर चाक त्याच्याच हाती आले आणि ती गाडी जिंकली. कारखान्याने त्याला आश्वासन दिले होते की कारखाना असेपर्यंत नोकरी पक्की. काही वर्षांत कारखानाच बुडाला. शर्यतीच्या बक्षिसाचे एक हजार डॉलर त्याच्या हाती पडले ते १९६८ साली, न्यू यॉर्कच्या ज्या वृत्तपत्राने शर्यत भरविण्यात पुढाकार घेतला होता त्याच्याकडून. त्या वेळी त्याचे वय पंच्याण्णव होते. ज्यांची थकबाकीची प्रकरणे अद्याप लेखापरीक्षेत अडकलेली आहेत त्यांना यात थोडा धीर मिळावा.

इताला आज तुरीनच्या मोटार-संग्रहालयात उभी आहे. १९९७ पासून जुन्या गाड्यांचे षौकीन पुन्हा पेकिंगहून पॅरिसला जाऊ लागले आहेत. निघण्याआधीच्या रात्री त्यांच्याही गाड्यांखाली कोणीतरी उताणा पडलेला असतो, याविषयी मला शंका नाही.

बोर्गेझेचे नाव एत्तोरेच्या नावाआधी यावे यात मला अन्याय वाटत नाही. काठीने खिंड मोजणारी बुद्धी त्याची होती, पैसा त्याचा होता, जबाबदारीही त्याची होती. अन्याय होतो तो दुसरे नाव मुळीच न घेतल्याने. एत्तोरेच्या बाबतीत तो झाला नाही, याचे श्रेय बार्झिनीला. त्याने गाडीत बसून पुढच्या रस्त्याकडेच पाहिले असते तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने गाडीखाली वाकून पाहिले.

बिदरहून परतल्यावर आठवड्याने मी त्या मिस्त्रीच्या दुकानी गेलो. पैसे त्याच रात्री दिले होते. तेव्हा काम असे काही नव्हते. चहा घेता घेता मी त्याचे पूर्ण नाव विचारले. तीन वर्षे तो आमच्या मित्राची गाडी पाहत होता आणि आम्ही त्याला नुसते ‘मिस्त्री’ म्हणत आलो होतो. त्याला थोडे आश्चर्य वाटले. बिलावर घालावयाचे आहे काय, असे त्याने विचारले. मी म्हटले, नाही.

ते नाव मी येथे छापीत नाही, कारण तशी परवानगी मी त्याच्याकडून घेतलेली नाही. माझ्याजवळच्या छायाचित्राच्या पाठीवर आम्हा पाचांची नावे आणि तारीख घातली होती. त्यांच्याखाली सहावे नाव मी त्याच दिवशी लिहिले.